ठिणगी केव्हा पडावी?

वैद्यकाच्या पुस्तकांत मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला ‘शोफरचा अस्थिभंग’ असे नाव आहे. अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत येणाऱ्या हाडाचे टोक यात मोडते. हे नाव मोटारीच्या बाल्यावस्थेतले आहे. त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे तिच्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. आपल्याकडेही जुन्या ट्रकना आणि जीपगाड्यांना असे ‘हँडल मारताना’ अनेकांनी पाहिले असेल. कधी कधी इंजिन सुलट फिरण्याऐवजी एकदम उलट फिरे, हँडल जोराने मागे येई आणि शोफरचे मनगट मोडे.

इंजिन उलट का फिरे? त्यात बिघाड झालेला असे असे नाही. सर्व भाग धडधाकट असतानाही हे घडे. चूक एवढीच असे, की सिलिंडरमधली ठिणगी सेकंदाच्या काही शतांश भागाने लवकर पडलेली असे. ठिणगीची ही वेळ साधण्यासाठी मोटारीच्या पहिल्या पन्नास वर्षांत कोणकोणत्या युक्त्या योजल्या गेल्या, ते आपण या लेखात पाहू.

ज्योतीलाही वेळ लागतो

फोर स्ट्रोक इंजिनाचे वर्णन पाठ्यपुस्तकात असते. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खाली येताना पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण आत घेतो. वर जाताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. शेवटी जळके वायू बाहेर टाकले जातात. दट्ट्या वर जाऊन जेथून परत फिरतो त्या बिंदूला आपण ‘माथा’ म्हणू. आकृती पाहून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते, की दट्ट्या माथ्यावर पोचला की ठिणगी पडते आणि लगेच स्फोट होतो.

प्रत्यक्षात तसे होत नाही. ठिणगीमुळे आधी मिश्रणाचा एक लहानसा गोळा पेटतो. त्यापासून ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. हवेत पेट्रोलची वाफ शांतपणे जळत असेल तर ज्योतीचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही नसतो. सिलिंडरमध्ये मिश्रण घुसळले जात असल्याने तो बराच वाढतो. सोयीसाठी तो सेकंदाला १० मीटर धरला आणि ज्योतीला ५ सेंटिमीटर जायचे असले, तर ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग लागेल. हा काळ क्षुल्लक वाटला तरी दट्ट्या त्या काळात थांबून राहत नाही.

दाब सर्वांत जास्त केव्हा व्हावा? बरोबर माथ्यावर झाला तर उपयोग नाही. सायकलचे पायडल अगदी वर असताना त्यावर कितीही भार दिला तरी चाक फिरत नाही. पायडल थोडे पुढे गेले की मगच जोर लागू पडतो. दट्ट्याचा दांडा आणि क्रँक यांचेही तसेच आहे. उलट फार उशीर केला तर वायू आधीच पसरलेले असतात, जोर कमी पडतो आणि उष्णता एक्झॉस्टच्या नळीतून वाया जाते. अनुभवाने असे दिसते, की माथ्यानंतर क्रँक सुमारे १५ अंश फिरल्यावर दाब कमाल असावा. तो तेव्हा हवा असेल, तर ठिणगी त्याआधी, बहुधा माथ्याच्याही आधी पडायला हवी.

थोडे गणित

मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे, म्हणजेच ३,६०० अंश. ज्वलनाच्या ५ मिलिसेकंदांत क्रँक १८ अंश फिरेल. कमाल दाब माथ्यानंतर १५ अंशांवर हवा असेल तर ठिणगी माथ्याच्या ३ अंश आधी पडली पाहिजे. आता वेग दुप्पट करू. मिनिटाला १,२०० फेरे असताना त्याच वेळात क्रँक ३६ अंश फिरेल, म्हणून ठिणगी २१ अंश आधी हवी. १,८०० फेऱ्यांना हाच हिशेब ३९ अंशांवर जातो.

धावत्या गड्याकडे चेंडू फेकताना हेच आपण न शिकता करतो. गडी चालत असेल तर चेंडू त्याच्या किंचित पुढे टाकतो, पळत असेल तर बराच पुढे. चेंडूला लागणारा वेळ तोच असतो, पण तेवढ्यात गडी किती पुढे जाईल हे त्याच्या वेगावर ठरते.

खऱ्या इंजिनात वाढ इतकी तीव्र नसते, कारण इंजिनाचा वेग वाढला की आत येणाऱ्या मिश्रणाचाही वेग वाढतो, घुसळण वाढते आणि ज्योत अधिक वेगाने पसरते. निसर्गाची ही मदत नसती तर वेगवान पेट्रोल इंजिने शक्यच झाली नसती. पण मदत पुरी पडत नाही. वेगाबरोबर ठिणगी थोडी थोडी आधी न्यावीच लागते.

आता हँडल मारणाऱ्या शोफरकडे वळू. तो क्रँक सेकंदाला फार तर एकदा फिरवतो. समजा ठिणगी २१ अंश आधी पडेल अशीच व्यवस्था राहून गेली आहे. हे २१ अंश पार करायला आता जवळजवळ ५८ मिलिसेकंद लागतील. ज्वलन मात्र ५ मिलिसेकंदांत, दट्ट्या माथ्यापासून १९ अंश दूर असतानाच पुरे होईल. वर चढणाऱ्या दट्ट्याला पूर्ण दाबाचा तडाखा बसेल आणि तो आल्या वाटेने परत फिरेल. मनगट मोडण्यामागचे गणित ते हेच. जुनी बुलेट मोटारसायकल ‘उलटी किक’ मारते त्याचेही कारण हेच असते.

तापलेली नळी

पहिल्या इंजिनांना हा प्रश्न फारसा जाणवला नाही, कारण ती संथ होती. निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या इंजिनात एका सरकत्या झडपेतून ज्योत आत नेली जाई. मोटारीसाठी हलके आणि वेगवान इंजिन हवे होते. गोटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८३ मध्ये त्यासाठी तापलेल्या नळीची युक्ती वापरली. सिलिंडरला एक लहान, बाहेरच्या टोकाला बंद नळी जोडायची आणि बाहेरून दिव्याने ती लाल होईपर्यंत तापवायची. मिश्रण दाबले गेले की ते नळीत शिरते, तापलेल्या भागापर्यंत पोचते आणि पेट घेते.

यात एकही हलणारा भाग नव्हता, हा तिचा मोठा गुण. त्यामुळे त्यांचे इंजिन मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे घेऊ लागले. पण पेट केव्हा घ्यायचा हे नळीचे तापमान आणि मिश्रणाचा दाब ठरवी, चालकाच्या हाती काही नसे. शिवाय वाऱ्याने दिवा विझे आणि गाडी कलंडली तर आगीचे भय असे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत बॅटरी व कॉइल वापरून विजेची ठिणगी पाडली. वेळेवर ताबा मिळवण्यातले महत्त्वाचे पाऊल १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ यांच्या छोट्या इंजिनाने टाकले. कॅमने ठरल्या क्षणी विद्युत्‌मंडल उघडणारी त्यांची योजना होती आणि तो क्षण एका दांडीने मागेपुढे करता येई. हे इंजिन मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे घेई. वेळेवर ताबा आल्यावरच वेग वाढला, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा बॅटरीवाचूनही खात्रीची ठिणगी मिळू लागली.

काटा तोच, तबकडी सरकवायची

चालकाच्या हातातल्या टायमिंगचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीहून अधिक तयार झाल्या. तिच्या स्टिअरिंगखाली दोन लहान दांड्या असत. उजवीकडची इंधनाची आणि डावीकडची ठिणगीची. आजच्या चालकाला ही दुसरी दांडी कशासाठी, हे कळणार नाही.

ही दांडी इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या ‘टायमर’ला जोडलेली असे. टायमर म्हणजे एक वाटीसारखी डबी. तिच्या आतल्या कडेवर, चार सिलिंडरांसाठी, काटकोनात चार धातूचे संपर्कबिंदू असत. मध्ये कॅमशाफ्टबरोबर फिरणारी एक छोटी चकती. चकती ज्या बिंदूला टेके त्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये वीज वाहू लागे. ठिणगी आधी हवी असेल तर चकतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने डबी थोडी वळवायची, म्हणजे चकती बिंदूला लवकर भेटते. घड्याळाच्या काट्याला हात न लावता तबकडीच सरकवण्यासारखे हे आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डबी १० अंश वळवली की ठिणगी क्रँकच्या २० अंशांनी आधी येते.

या गाडीत आणखी एक उशीर होता. तिच्या कॉइलवर विजेच्या घंटेसारखी थरथरणारी पट्टी असे. वीज सुरू झाल्यापासून ती पट्टी उचलली जाऊन पहिली ठिणगी पडेपर्यंत दोनतीन मिलिसेकंद जात. दीड हजार फेऱ्यांना २ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. ज्योतीचा उशीर आणि कॉइलचा उशीर, दोन्ही त्या एका दांडीने भरून काढावे लागत.

चालकाचा परिपाठ असा असे. ठिणगीची दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. मग हँडल डाव्या हाताने वर ओढायचे आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तर हँडल हातातून सुटून जाईल. इंजिन लागले की जागेवर येऊन दांडी खाली ओढायची. चढ लागला, इंजिन मंदावले आणि आतून ठोके ऐकू आले, की पुन्हा थोडी वर. थोडक्यात, इंजिनाचे टायमिंग चालकाच्या कानावर चाले. दांडी वर ठेवायला विसरला तर मनगट मोडे. खाली ओढायला विसरला तर जोर कमी पडे, पेट्रोल जास्त लागे आणि रेडिएटरमधले पाणी उकळे.

वजने आणि पडदा

मनगटाचा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला आणि हँडल हळूहळू मागे पडले. ठिणगीच्या दांडीचे काम मात्र संपले नव्हते. केटरिंग यांच्याच प्रज्वलन पद्धतीत थरथरणाऱ्या पट्टीऐवजी ‘पॉइंट’ आले. ते उघडताच त्याच क्षणी एकच ठिणगी पडे. त्यामुळे कॉइलचा उशीर गेला आणि क्षण नेमका ठरवणे शक्य झाले.

वेगाप्रमाणे तो क्षण आपोआप बदलण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन लहान वजने स्प्रिंगने बांधलेली असत. अक्ष जोरात फिरला की वजने बाहेर पसरत आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडे पुढे ढकलत. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना परत आत ओढत. पण वेग हे एकच कारण नाही. इंधनाची दांडी अर्धवट उघडी असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरते आणि विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. अशा वेळी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत निर्वात वाढतो. या निर्वाताने एक रबरी पडदा ओढला जाई आणि पडद्याला जोडलेली तार पॉइंटची पट्टी वळवी. आपल्या उपमेत सांगायचे तर वजने काटा पुढे सरकवत आणि पडदा तबकडी वळवी.

तरी मॉडेल टीच्या जागी आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये १९३१ पर्यंत ठिणगीची दांडी कायम होती. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये ती गेली. वजनांचा आणि पडद्याचा डिस्ट्रिब्युटर पुढे आपल्या अँबॅसडर आणि पद्मिनी गाड्यांतूनही अनेक वर्षे चालला.

ठिणगी आधी नेण्यालाही मर्यादा आहे. ती फार आधी पडली तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले दाबलेले मिश्रण स्वतःहून पेटते आणि ठोके बसतात. ठोके टाळण्यासाठी १९२१ मध्ये टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. त्याची विषारी किंमत जगाने अनेक दशके मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. आजच्या गाड्यांत ठोके ऐकण्याचे काम इंजिनावर बसवलेला दाबविद्युत् स्फटिक करतो आणि संगणक प्रत्येक ठिणगीचा क्षण नव्याने ठरवतो. मॉडेल टीचा चालक कान आणि डावा हात वापरून जे करी, तेच हे काम आहे.

वर्गात काय करता येईल?

वर दिलेले गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सहज जमते. फेऱ्यांवरून अंश आणि अंशांवरून वेळ काढून, वेग व आगाऊ कोन यांचा आलेख त्यांना काढायला सांगावा. मैदानावर धावत्या गड्याकडे चेंडू फेकून तोच विचार तपासता येईल. गॅरेजमधून किंवा भंगारवाल्याकडून एखादा जुना डिस्ट्रिब्युटर मिळाला तर उत्तमच. टोपण व आतली पट्टी काढून वजने बोटांनी बाहेर पसरवली की कॅम किती वळतो ते दिसते. पडद्याच्या नळीला इंजेक्शनची रिकामी पिचकारी जोडून दट्ट्या ओढला की पट्टी वळते. चालू इंजिनावर मात्र यातला कोणताही प्रयोग करू नये.

आम्हाला वाटते, की ‘ठिणगी पडते आणि स्फोट होतो’ या एका वाक्यावर थांबण्याऐवजी ‘किती आधी पडते, आणि का?’ हा प्रश्न विचारला, तर गती, कोन, ज्वलन आणि दाब हे चार निरनिराळे धडे विद्यार्थ्याला एकाच ठिकाणी भेटतात.