शेपट्या मोजण्याआधी कल्ले पाहा

दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला सीना नदी भीमेला मिळते. लोक तिथे संगमेश्वराच्या दर्शनाला आणि शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला जातात. पाण्यातल्या दगडाची खालची बाजू सहसा कोणी पाहत नाही. मेफ्लाय या कीटकाची पिल्लं मात्र अशाच जागी शोधायची. पावसाळा ओसरून पाणी निवळलं, की गुडघ्याच्या आत खोली असेल तिथला वाहता, खळाळता पट्टा निवडा.

दगड उचलताना प्रवाहाच्या खालच्या अंगाला मोठी गाळणी धरा, नाहीतर पिल्लं वाहून जातील. दगड पांढऱ्या ताटात, नदीच्याच पाण्यात धुवा आणि पाणी स्थिर होऊ द्या. गाळ बसला की हालचाल दिसू लागते.

‘तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय’ हा नियम अर्धवट आहे. काही मेफ्लायना दोनच असतात, आणि टाचणी या कीटकाच्या पिल्लालाही मागे तीन अवयव असतात. पण टाचणीचे ते पानासारखे रुंद कल्ले असतात, मेफ्लायच्या शेपट्या धाग्यासारख्या बारीक. म्हणून आधी भिंगातून पोटाच्या दोन्ही कडा पाहा. तिथे कल्ल्यांच्या जोड्या ओळीने असतील, तर ते बहुधा मेफ्लाय. सह्याद्रीच्या ओढ्यांत स्टोनफ्लाय या कीटकाच्या पिल्लाशी गल्लत होते. त्याच्या पायाला दोन नख्या असतात, मेफ्लायच्या पायाला एकच.

पुढे कुळ ओळखायचं. अंग चपटं आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतील, तर हेप्टाजेनिडी; वेगाच्या पाण्यात दगडाला घट्ट धरून राहणारं. इवल्या माशासारखं सुळकन पोहणारं बहुधा बेटिडी. केनिडी मला सगळ्यांत हुशार वाटतं. त्याच्या कल्ल्यांची एक जोडी चौकोनी झाकणांसारखी असते आणि मागचे नाजूक कल्ले गाळापासून वाचवते. मंद, गाळाच्या पाण्यात ते म्हणूनच तग धरतं. पाठीवरचे पंखकोश काळे पडले असतील, तर पिल्लाला पंख फुटायची वेळ जवळ आली आहे. जातीपर्यंत पोहोचायला मात्र सूक्ष्मदर्शक हवा.

कुळ कळलं तरी पाण्याचा अंदाज येतो. ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीच्या मूळ तक्त्यात हेप्टाजेनिडीला 10 गुण आहेत, केनिडीला 7, बेटिडीला 4, आणि कमी प्राणवायूतही जगणाऱ्या लाल अळ्यांच्या कायरोनोमिडी कुळाला 2. सापडलेल्या सगळ्या कुळांचे गुण एकत्र करून नदीची प्रत ठरवतात, एकट्यादुकट्या पिल्लावरून नव्हे. आणि मेफ्लाय सापडली म्हणून ते पाणी पिऊ नका. रोगजंतू गाळणीत अडकत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.