सुगंधाने रक्तदाब उतरतो का?

रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यायची म्हटले की माणूस दुसरी वाट शोधू लागतो. अलीकडे या वाटेवर लव्हेंडर, बर्गमॉट अशा सुगंधी तेलांच्या इवल्याशा बाटल्या आल्या आहेत. “हे हुंगल्याने बी.पी. उतरते म्हणतात, खरे का?” असे अनेक वाचक विचारतात. उतरते, पण किती आणि किती वेळ, हे पाहिले पाहिजे.

वासाचा संदेश नाकातून थेट मेंदूच्या, भावना सांभाळणाऱ्या भागात जातो. हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचा ताण यांचा कारभार पाहणाऱ्या मज्जासंस्थेशी या भागाचे जवळचे नाते आहे. त्यामुळे मन निवांत झाले की नाडीही संथ होते. पण सगळेच वास शांतवणारे नसतात. जपानमध्ये ओसाका येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. लव्हेंडरच्या वासाने उंदरांचा रक्तदाब उतरला, तर पपनसाच्या कुळातल्या ग्रेपफ्रूटच्या वासाने तो चढला. वासाची जाणीवच घालवल्यावर हे परिणाम दिसेनात.

माणसांवरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तैवानमधील तैपेई शहरात मालिश केंद्रांत काम करणाऱ्या 100 तरुण, निरोगी व्यक्तींना दोन तास बर्गमॉट तेलाच्या वाफेत बसवले आणि दर पंधरा मिनिटांनी मोजमाप केले. (बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचे फळ, अर्ल ग्रे चहाला त्याचाच वास असतो.) पहिल्या तासात वरचा रक्तदाब सुमारे 2 मि.मी. आणि नाडी मिनिटाला सुमारे 2 ठोक्यांनी उतरली. सव्वा तासानंतर मात्र उलटे झाले. दोन तासांच्या शेवटी दोन्ही आकडे सुरुवातीपेक्षा थोडे वरच गेले होते. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला.

आता हे 2 मि.मी. म्हणजे किती? जुन्या पाऱ्याच्या यंत्रावरची एक रेघ! रक्तदाबाची एक साधी गोळी सरासरी आठ-दहा मि.मी. उतार देते, आणि तोही दिवसभर टिकणारा. शिवाय त्या अभ्यासातली मंडळी निरोगी होती, हे विसरू नये.

आमच्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी दोन महिने गोळी बंद ठेवून रात्री उशाशी लव्हेंडरचा बोळा ठेवला. झोप छान लागू लागली, डोके दुखेना. तेव्हा बी.पी.ही ठीक असणार, असा त्यांनी हिशेब केला. तपासले तर 182/106! रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, फसगत होते ती इथेच. त्यांच्या झोपेवर मी अविश्वास दाखवला नाही, बोळाही काढायला लावला नाही. गोळी मात्र त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. तीन आठवड्यांनी आकडा 140/86 वर आला. सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, गुण कशाचा ते आता तुम्हीच त्यांना सांगा.”

सुगंध आवडत असेल तर जरूर घ्यावा. अर्धा तास पुरे. खिडकी उघडी ठेवावी, रात्रभर बंद खोलीत वाफ कोंडू नये. दमा असणाऱ्यांना उग्र वासाने धाप लागू शकते. घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसावे आणि तेव्हा तेल हुंगू नये, नाहीतर आकडा नेहमीचा येणार नाही.

कोणतेही अर्कतेल पोटात घेऊ नये. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, लहान मुलांच्या बाबतीत तर थोडेसेही घातक ठरते. हृदयाची झडप बदललेल्या आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांनी गुडघ्याला चोळायच्या गंधपुऱ्याच्या तेलाबाबतही जपावे. त्यातले मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनचे भावंड आहे. ते कातडीतून रक्तात उतरते आणि रक्तस्राव होण्याचा धोका वाढवते. अनेक वेदनाशामक बाममध्येही ते असते. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर चोळणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.