बोनस आधी की पकड आधी?

धान निघालं की तुमसर तालुक्यात नाकाडोंगरीसारख्या गावांमधून कबड्डीची मैदानं आखली जातात. नियमांचं पुस्तक वाचलेले खेळाडू कमीच. 2014 पासून टीव्हीवर प्रो कबड्डी बघून पोरं खेळ शिकली आहेत. चपळाई छान उचलली, नियम मात्र अर्धे राहिले.

सगळ्यात जास्त वाद बोनसवरून. "पंचसाहेब, पाय गेला होता ना जी!" पाय खरंच गेलेला असतो. पण समोर किमान सहा बचावपटू हवेत, आणि पुढचा पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम. पाय आधी पडला आणि मग घोटा धरला गेला, तर चढाईपटू बाद होऊनही त्याच्या संघाला बोनसचा एक गुण मिळतो. पकडीचा गुण समोरच्यांना. घोटा आधी धरला आणि झटापटीत पाय रेषेपार गेला, तर बोनस नाही. दोन्ही वेळा प्रेक्षकांना दिसतं एकच: धुळीत पडलेला गडी. म्हणून पंचानं बोनस रेषेच्या सरळ रेषेत उभं राहून आधी पाय बघावेत, हात नंतर.

बोनस मिळाला म्हणून बाद गडी मात्र परत येत नाही. इथेही कर्णधार हुज्जत घालतात. गडी परत येतो तो स्पर्शाच्या किंवा पकडीच्या गुणावर, आणि तोही ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं. हुकमी चढाईपटू आधी आत घेता येत नाही. हा क्रम सहायक गुणलेखकानं लिहून ठेवलेला असला की पंचाचं निम्मं काम होतं.

बाजूच्या राखीव क्षेत्राचंही (लॉबीचंही) तसंच, तिथेही आधी काय झालं ते बघायचं. स्पर्श होण्याआधी तिथे पाय पडला तर बाद. स्पर्श झाला की तेच मैदान होतं. टीव्हीवर ऐकलेल्या 'सुपर रेड'चा वेगळा गुण नसतो; एका चढाईत तीन किंवा जास्त गुण मिळाले की त्या चढाईला दिलेलं ते फक्त नाव. सुपर टॅकलला मात्र एक गुण जादा मिळतो, तोही बचावात तीन किंवा कमी गडी असतील तरच.

माझं ठाम मत आहे की नाणेफेकीलाच दोन्ही कर्णधारांना बोनस रेषेपाशी नेऊन बोनसचा नियम पायानं करून दाखवावा. सामना तापल्यावर कुणी ऐकून घेत नाही. आणि मध्यंतरात फक्की पुन्हा मारून घ्यावी, कारण मातीवर सगळ्यात आधी पुसली जाते ती बोनस रेषाच.