श्वासाचा हिशेब

मी माटुंग्याहून बोलते आहे. इथल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी करते. गटाच्या बैठकीत आपण पै-पैचा हिशेब ठेवतो, पण एक हिशेब आपल्या कुणाच्याच वहीत नसतो. तो म्हणजे श्वासाचा. आज तो मांडू या.

निवांत बसलेली मोठी बाई मिनिटाला साधारण १५ वेळा श्वास घेते. एका श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे तासाला ९०० श्वास आणि दिवसाला २१ हजारांच्या वर. लिटरमध्ये मोजलं तर १० हजार लिटरच्या पुढे. उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढी हवा आपण एकेकटी रोज ओढतो. टँकरचं पाणी आपण फडक्याने गाळून, उकळून घेतो. हवेला मात्र आपण काहीच विचारत नाही.

हवा गाळण्याची सोय शरीराने केलेली आहे, ती नाकात. नाकातले केस मोठी धूळ अडवतात, आतला ओलावा बारीक धूळ धरतो आणि हवा कोमट होऊन पुढे जाते. म्हणून श्वास नाकाने घ्यावा, तोंडाने नको. घशात अन्नाची आणि हवेची वाट फुटते. घास गिळताना हवेच्या वाटेवर एक झाकण पडतं. जेवताना बोललं की कधी ते झाकण वेळेवर पडत नाही आणि ठसका लागतो.

पुढे श्वासनलिका. छातीत उतरल्यावर तिच्या दोन फांद्या होतात, एक उजव्या फुफ्फुसाला आणि एक डाव्या. त्या फांद्यांना डहाळ्या फुटत जातात. उलटं धरलेलं झाड डोळ्यांपुढे आणा. या झाडाच्या टोकांना पानांऐवजी हवेच्या चिमुकल्या पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या ३० कोटींहून जास्त आहे. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर साधारण ७०० चौरस फूट जागा व्यापतील. आमच्याकडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या सहा खोल्या होतील एवढी!

या पिशव्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. इथे देवाणघेवाण होते. हवेतला प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, सोडलेल्या हवेत तो १६-१७ टक्क्यांवर येतो. हा प्राणवायू वाहून नेण्याचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईला फुफ्फुसं धडधाकट असूनही हंडा उचलला की दम लागतो. माल तयार आहे, पण न्यायला गाड्या कमी, अशातली गत.

फुफ्फुसं स्वतःहून हवा ओढत नाहीत. छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूचा एक पडदा आहे. तो खाली सरकला, बरगड्या फाकल्या की छातीत जागा होते आणि हवा आत येते. पडदा वर आला की हवा बाहेर जाते. लोहाराचा भाता चालतो तसंच.

आता घरातल्या झाडूवालीची ओळख करून देते. श्वासनलिकेला आतून चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे केसासारखे तंतू. आत आलेली धूळ आणि जंतू त्या थराला चिकटतात आणि तंतू तो सगळा केर घशाकडे लोटत राहतात. रात्रंदिवस हे काम चालू असतं. मात्र धूर आला की हे तंतू मंदावतात, सतत धूर आला तर झडतात. मग केर आतच साचतो आणि तो काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही. बिडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची ढास लागते, ती यामुळे.

झाडूवालीच्या हातून एक गोष्ट मात्र निसटते. धुरातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते नाकात अडत नाहीत, तंतूंना सापडत नाहीत, थेट वायुकोशात जाऊन बसतात.

याची किंमत काय असते, ते आमच्या या भागाने पाहिलं आहे. माटुंग्यापासून थोड्या अंतरावर परळ आणि लालबाग. तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूर इथून आलेली माणसं त्यांत राबली. तुमच्यापैकी अनेकींचे आजे-सासरे त्यांत असतील. कापूस फोडायच्या आणि पिंजायच्या खात्यांत हवेत सतत तूस उडायची. तिथल्या कामगारांना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची. पुढे आठवडाभर थोडं बरं वाटायचं, म्हणून माणूस दुर्लक्ष करायचा. काही वर्षांनी मात्र दम कायमचा बसायचा. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये त्याचा अभ्यास केला. कामगाराला वाटायचं, कामाचा थकवा आहे. खरं तर फुफ्फुसं झिजत होती.

आता मुद्द्याचं बोलते. गिरणीतला कामगार दिवसाचे आठ तास तूस घ्यायचा, पण निदान त्या खात्याला गिरणी म्हणत होते. आपली गिरणी स्वयंपाकघरात आहे आणि तिला कुणी गिरणी म्हणत नाही. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या यांच्या चुलीपुढे बाई रोज तीन-चार तास बसते. घरातल्या अशा धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३० लाख माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत चढ चढताना दम लागतो, बारा महिने खोकला आणि बेडका राहतो. घरातले म्हणतात, वय झालं. हे वय नसतं. श्वासनलिका धुराने अरुंद झालेल्या असतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही, पण धूर थांबवला आणि औषध घेतलं तर झीज मंदावते. म्हणून लवकर दाखवायचं.

डासांची कॉइलही याच हिशेबात धरा. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे असतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दार-खिडकी लावून कॉइल पेटवण्यापेक्षा मच्छरदाणी कधीही बरी. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपेतच जीव घेतो.

धुराचा सर्वांत जास्त त्रास काखेतल्या बाळाला होतो. त्याच्या श्वासनलिका आधीच अरुंद, त्यात सर्दीने सूज आली की न्यूमोनिया लवकर होतो. न्यूमोनिया ओळखायला मशीन लागत नाही, मोजता आलं की पुरे. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो धोका समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळे पडले असतील तर क्षणही न घालवता १०८ ला फोन करा. पोटाला डाग देणं, हिंग चोळणं यात वेळ गेला की बाळ हातचं जातं.

हे मोजणं आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर गडचिरोली आठवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांतल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना हे शिकवलं. सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हे काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्यावर आले. १९९० साली हे जगापुढे मांडलं गेलं. अक्षरओळख नसलेल्या बायांनी हे केलं आहे. आपल्या हातात तर मोबाइलचं घड्याळ आहे.

आता क्षयरोग. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे बोट दाखवलं गेलं. १८९८ साली शहर सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा भाग रुंद रस्ते, मोकळ्या जागा ठेवून आखला गेला. इथलं फाइव्ह गार्डन्स त्याचीच आठवण. प्लेग खरं तर उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, हवेने नाही. पण खेळती हवा आणि ऊन यांचा धडा क्षयाच्या बाबतीत अगदी खरा ठरतो. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. हवा खेळली की ते विरळ होतात, उन्हात मरतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. हे पैसे रुग्णाच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे सुनेचं किंवा मुलीचं खातं तिच्या नावाने असेल एवढं आपल्या गटाने पाहावं. क्षय झाला म्हणून तिला माहेरी पाठवणं हा उपचार नव्हे.

दम्याच्या पंपाबद्दलही एक सांगते. ‘पंपाची सवय लागते’ हे खरं नाही. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रेत काम होतं. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पंप लपवू नका. श्वास अडला तर लग्न कुठलं?

आता पुढच्या बैठकीसाठी काम. प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरात धूर बाहेर जायला वाट आहे का, ते पाहून यायचं. नसेल तर चुलीवर धुराडं, वरती झरोका, नाहीतर निर्धूर चूल, यातलं काय परवडतं ते ठरवायचं. गॅस घरात असून पुन्हा भरायला पैसे नाहीत, अशा किती जणी आहेत ते मोजायचं. त्यांच्यासाठी गटातून छोटं कर्ज देता येईल. म्हशीसाठी कर्ज देतो, मग फुफ्फुसांसाठी का नको? लाकूड वाळलेलंच जाळायचं, मळणी-उफणणीला नाक-तोंड फडक्याने बांधायचं, मिश्री भाजणं बंद करायचं. बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी न्यूमोनियाची पीसीव्ही लस मिळाली का, हे आशाताईंना विचारायचं. आणि ज्या बाईला महिन्यापेक्षा जास्त खोकला आहे, तिला एकटीला ‘जा दवाखान्यात’ म्हणायचं नाही. गटातल्या एकीने तिच्याबरोबर जायचं.

हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात भरता येतो, मैत्रिणींनो. श्वासाची उधारी कुणी देत नाही. येते. नमस्कार.