चिमूटभर मीठ, हरणाची आतडी आणि नासके अंडे

इंग्रजीत ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणजे ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी खरी न मानणे. यातला शब्द न् शब्द ओळखीचा असूनही मराठी वाचक इथे चकतो. मराठीत तिखटमीठ लावतो तो सांगणारा, आणि त्याने गोष्ट फुगते. इंग्रजीतले मीठ ऐकणाऱ्याच्या हातात असते, आणि त्याने फुगलेली गोष्ट खाली बसते.

या मिठाचा माग रोमन लेखक थोरल्या प्लिनीपर्यंत काढला जातो. इ.स. 77च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ज्ञानकोशात त्याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्या विषावरच्या उताऱ्याची कृती दिली आहे. दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे आणि सतापाची वीस पाने मिठाचा एक कण घालून कुटायची आणि अनशापोटी घ्यायची, की त्या दिवसापुरते विष बाधत नाही. प्लिनीच्या लेखी हे मीठ औषधातलेच होते. अविश्वासाचा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागतो.

‘वर्थ हिज सॉल्ट’ हा तर खरा चकवा. मराठी माणसाला लगेच खाल्ल्या मिठाला जागणे आठवते, पण ती निष्ठेची गोष्ट झाली. इंग्रजीत प्रश्न पात्रतेचा असतो: दिलेल्या पगाराचे काम या माणसाकडून होते का? ‘सॅलरी’ या शब्दाचे मूळही मिठाच्या लॅटिन नावातच आहे.

काही वाक्प्रचारांत पदार्थच बदललेला असतो. ‘ईट हंबल पाय’ म्हणजे चूक कबूल करून नमते घेणे. हरणाच्या काळीज, आतडी वगैरे भागांना पूर्वी ‘अंबल्स’ म्हणत आणि त्यांचा पाय करीत. ‘ह’ गाळून बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘हंबल’ आणि ‘अंबल’ सारखेच ऐकू येतात, त्यावरून एकोणिसाव्या शतकात ही कोटी रूढ झाली. हा पाय फक्त नोकरांच्या वाट्याला येई, असे सर्रास सांगतात. ते पुरते पटण्यासारखे नाही. नौदलाच्या कचेरीतला वरिष्ठ अधिकारी सॅम्युएल पेप्स याने 1663च्या रोजनिशीत शेजारणीने आणलेल्या गरमागरम अंबल पायची तोंडभरून स्तुती केली आहे.

‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ यात ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा नव्हे, परीक्षा. आणि जुने पुडिंग गोड नसे. आतड्यात मांस आणि धान्य भरून ते शिजवीत. आत काय भरले आहे ते बाहेरून दिसत नसल्याने खाऊनच पारख करावी लागे. हल्ली अर्धेच वाक्य म्हणतात, ‘द प्रूफ इज इन द पुडिंग’, आणि त्यात हा सगळा अर्थ सांडून जातो.

‘पीस ऑफ केक’ म्हणजे हातचा मळ, ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. एवढे सांगितले तरी पुरते. ‘सावर ग्रेप्स’ला तेवढीही गरज नाही. इसापाचा कोल्हा दोन्ही भाषांत आहे, आणि तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच त्याच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या.

‘क्युरेट्स एग’चा अर्थ मात्र सव्वाशे वर्षांत पालटला. 9 नोव्हेंबर 1895च्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिए यांचे एक व्यंगचित्र आले. बिशपच्या टेबलावर एका कनिष्ठ पाद्र्याला नासके अंडे मिळते आणि तो भिडेपोटी म्हणतो की याचे काही भाग उत्तम आहेत. अंडे एका कोपऱ्यात नासत नाही, नासले की सगळेच नासते. म्हणजे पूर्ण वाईट गोष्टीची भिडेपोटी केलेली भलामण, हा मूळ रोख. आज इंग्रजी परीक्षणांत हा शब्द आला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ काही भाग चांगला, काही वाईट, एवढाच असतो.