अकरा महिन्यांचं घर, बारा महिन्यांचं नेट

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि नेटवाल्याचा खिशाला परवडणारा प्लॅन बहुतेक वेळा बारा महिन्यांचा. चौघांनी मिळून घेतलेल्या घरातली इंटरनेटची सगळी रड या फरकात सापडते. तार घराला बांधलेली, बिल एका माणसाला बांधलेलं आणि राहणारे मात्र कशालाच बांधलेले नाहीत. एकाला पोस्टिंग मिळालं, दुसरा हिंजवडीजवळ राहायला गेला, तिसरा परीक्षेचा नाद सोडून गावी परतला, की चौथ्याच्या गळ्यात राउटर.

एके काळी अडचण तारेपर्यंत पोचण्याचीच होती. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. एकाच तारेत खालच्या लहरींवर बोलणं, वरच्या लहरींवर नेट. दोन्ही वेगळं करायला भिंतीवर स्प्लिटरची डबी. म्हणजे आधी फोन, मग नेट. फोन घरमालकाच्या नावावर, आणि एसटीडीच्या बिलाच्या धास्तीने तो भाडेकरूंना द्यायला कोणी मालक सहसा राजी नसे. पेठांमधली पोरं मग सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसायची. त्या काळच्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ती किमान पातळी २ एमबीपीएस आहे.

आज लँडलाइनची अट गेली. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. एका धाग्याला वाटेत फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत नेतात आणि घरातल्या पांढऱ्या डबीत प्रकाशाचं पुन्हा नेट होतं. फोन हवाच असेल तर त्याच डबीला जोडता येतो. अनेक इमारतींत अजून केबलवाल्याचंच राज्य आहे. जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत त्याचा स्विच, तिथून प्रत्येक फ्लॅटला वायर. पेटीची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलेली असेल, तर जिन्यातला दिवा गेला की चौथ्या मजल्यावरचं नेटही जातं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. आपल्या राउटरला छोटा यूपीएस लावलात तरी पेटीतल्या स्विचला बॅकअप आहे का, हे केबलवाल्याला आधी विचारा. उत्तर ‘आहे ना’ असंच येईल. पेटी उघडून बघावी.

तिसरा रस्ता हवेतून येतो. २०२३ मध्ये जिओ आणि एअरटेल दोघांनीही ‘एअरफायबर’ आणलं. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक रिसीव्हर बसवतात, तो फाइव्ह-जी टॉवरचा सिग्नल पकडतो आणि वायरने घरातल्या राउटरला देतो. रस्ता खोदायचा नाही, शाफ्टमधून वायर ओढायची नाही. तरी गच्चीची परवानगी लागतेच, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा बॅचलर भाडेकरूंवर मुळातच विश्वास नसतो. शिवाय टॉवर सगळ्या गल्लीचा, त्यामुळे रात्री नऊनंतर वेग कमी-जास्त होतो. डेटाची मर्यादाही बघून घ्या. ‘अनलिमिटेड’ या शब्दाखाली बारीक अक्षरांत फायबरला साधारण ३,३०० जीबी आणि एअरफायबरला १,००० जीबी लिहिलेलं सापडतं. चौघांत महिन्याला हजार जीबी पुरतात. घरात मोठा टीव्ही आणि क्रिकेटचा मोसम दोन्ही असतील, तर मोजून बघावं.

पण खरा गुंता नावाचा आहे. कनेक्शन एकाच्या आधारवर मिळतं, पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. फ्लॅट घेणाऱ्या चौघांकडे निदान हा कागद असतो. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एमपीएससीच्या मुलाकडे बऱ्याचदा खोली देणाऱ्या मावशींनी डायरीत लिहिलेल्या भाड्याशिवाय काहीच नसतं. त्याला तारेचं नेट कोण देणार? तो मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर जगतो. ते संपले की वेग उतरतो ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ केबी. पाच एमबीची प्रश्नपत्रिका उतरवायला दहा मिनिटं. अभ्यासिका निवडताना पोरं पंख्याच्या आधी वायफाय कसं आहे ते विचारतात, ते उगाच नाही.

ज्याच्या नावावर कनेक्शन, जोखीम त्याची. घरातल्या चौघांचे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. त्यावरून कोणी ऑनलाइन फसवणूक केली, तर चौकशीत आधी ग्राहकाचं नाव निघतं, कोणी केलं हा प्रश्न नंतर येतो. म्हणून शेजारच्या खोलीला ‘थोडे पैसे देतो, पासवर्ड दे’ या बोलीवर नेट वाटू नये. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं गेस्ट नेटवर्क काढता येतं, आणि रूममेट बदलला की पासवर्ड बदलावा. मालकालाच कॉटवाल्यांना रीतसर नेट विकायचं असेल तर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तीत चहावाला, किराणावाला, कोणीही वायफाय पुरवू शकतो. त्याला स्वतःला परवाना लागत नाही आणि वापरणाऱ्यांची नोंद ॲपमार्फत होते. मेस चालवणाऱ्या मावशींना हे कोणी सांगत का नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

पैशाचं गणित त्यामानाने सोपं. महिना ६९९ रुपयांचा १०० एमबीपीएसचा प्लॅन धरा. १८ टक्के जीएसटीसह ८२५ होतात, चौघांत माणशी दोनशे सहा. एवढा वेग गरजेपेक्षा जास्तच आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, ऑफिसच्या मीटिंगला त्याहून कमी. चौघं एकदम बसले तरी चाळीसच्या प्लॅनमध्ये भागतं. तरीही नेट रडतं, तेव्हा दोष बहुधा प्लॅनचा नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका मजल्यावर राउटर डझनभर. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण तो भिंतीत लवकर दमतो. जुन्या वाड्याची हातभर जाडीची मातीची भिंत असेल तर दोन्ही हरतात. तिथे वायर ओढून आतल्या खोलीत दुसरा स्वस्त राउटर लावणं, हा महागडा प्लॅन घेण्यापेक्षा शहाणा खर्च.

वार्षिक प्लॅनची सवलत मोह पाडते. ती घ्यायचीच, तर सर्वांत जास्त टिकेल अशा माणसाच्या नावावर घ्या आणि उरलेल्यांचे पैसे आधी गोळा करा. नंतर मागितलेले पैसे पुण्यात मिळत नाहीत. कनेक्शन दुसऱ्या पत्त्यावर हलवता येतं का आणि त्याला काय पडतं, हे घेतानाच विचारा. सोडून जाताना राउटर नेणाऱ्या पोऱ्याकडून पोच घ्या. त्यावर डबीचा अनुक्रमांक हवा, नुसतं ‘सामान मिळालं’ नको. राउटरचं डिपॉझिट परत मागायला पुढे हाच कागद लागतो, आणि तोवर घरमालकाने नव्या चौघांना फ्लॅट दाखवायला सुरुवात केलेली असते.