विश्लेषण : परसातल्या झाडावर बसलेला तो ‘ससाणा’ नेमका कोण?

सकाळी परसात एकदम गलका उठतो. साळुंक्या ओरडू लागतात, खार बुंध्याला चिकटून चिरचिरत राहते, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. वर पाहावे तर कडुलिंबाच्या आतल्या फांदीवर कबुतराएवढा पक्षी. पाठ राखाडी, छातीवर आडव्या तांबूस रेघा. जळगावला लागून असलेल्या असोद्यात काय किंवा खान्देशातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, लगेच मोबाइलवर फोटो निघतो आणि ग्रुपवर येतो : ‘ससाणा आला’. बहुतेक वेळा तो ससाणा नसतो. काही वेळा तर तो शिकारी पक्षीच नसतो.

ससाणा नाही, मग कोण?

बहुधा शिक्रा. ‘शिकार’ या शब्दाशीच त्याच्या नावाचे नाते आहे. गावाला, शेताला आणि शहरातल्या बागेलाही सरावलेला हा बाज महाराष्ट्रात जवळपास सर्वत्र आढळतो. लांबी साधारण ३० सेंटीमीटर, पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. झाडांच्या गर्दीतून वळणे घेत उडायला हीच ठेवण लागते. खऱ्या ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, डोळे काळेभोर. तो मोकळ्या आभाळातला शिकारी आहे. फांद्यांच्या आत दबा धरून बसणे हे त्याचे काम नव्हे.

गोंधळ वाढतो तो शिक्रा सगळा एकसारखा दिसत नसल्यामुळे. नराची पाठ निळसर राखाडी आणि डोळा लालभडक. मादी त्याच्याहून मोठी, पाठीवर तपकिरी झाक आणि डोळा पिवळा किंवा नारिंगी. वर्षाच्या आतले पिल्लू तर वेगळाच पक्षी वाटावे असे : पाठ तपकिरी आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे तपकिरी ठिपके. म्हणून एकाच घराच्या परसात आठवड्याभरात ‘तीन जातींचे ससाणे’ दिसू शकतात, आणि ते तिन्ही एकाच कुटुंबातले असू शकतात. गळ्यावर मधोमध एक पुसट उभी रेघ दिसली तर शिक्र्याची शक्यता वाढते. तीच रेघ ठळक काळी असेल तर बेसरा हा त्याचा भाऊबंद असू शकतो. पण तो दाट जंगलातला, गावात क्वचितच येणारा.

मग पावशाचा काय संबंध?

खरी गंमत इथे आहे. ‘पेरते व्हा’ असे ओरडून मृगाची आठवण करून देणारा पावशा हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. तीच राखाडी पाठ, तशीच आडव्या रेघांची छाती, तशीच पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. उडतोही तसाच, चार फडफडी आणि एक तरंग. फांदीवर उतरल्यावर शेपटी डावी-उजवीकडे हलवायची लकबही शिक्र्याचीच. त्याचे पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखे ठिपकेदार असते.

पावशा कोकिळेच्या कुळातला. अंडी घालतो सातभाईच्या घरट्यात. बाजासारखे रूप पाहून लहान पक्षी बिचकतात आणि त्याचे काम सोपे होते, असे मानले जाते. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुकूच्या प्रतिकृती दाण्याच्या जागेजवळ ठेवून पाहिल्या. छातीच्या रेघा झाकल्या तेव्हा लहान पक्ष्यांची भीती कमी झाली. साळुंकीच फसते, तर मोबाइलवाल्याने फसण्यात लाज नाही.

फरक करायचा तर चोच आणि पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी खाली वळलेली, नख्या काळ्या आणि टोकदार. पावशाची चोच त्यामानाने सरळ, डोळ्याभोवती पिवळे कडे आणि पाय कमकुवत : दोन बोटे पुढे, दोन मागे. त्या पायांनी कोंबडीचे पिल्लू उचलणे शक्यच नाही. त्याचे आवडते खाणे केसाळ अळ्या, म्हणजे तो शेतकऱ्याच्या बाजूचा. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर तो आवाजावरून लगेच कळतो. हिवाळ्यात मात्र गप्प असतो आणि तेव्हाच जास्त चूक होते. नुसत्या आवाजावर विसंबणेही धोक्याचेच, कारण कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करून साळुंक्यांना पळवून लावतो.

बाकीचे शिकारी पक्षी उडताना ओळखू येतात. दुभंगलेली शेपटी म्हणजे घार. पांढरट अंग, खांद्यावर काळा डाग आणि शेतावर एका जागी पंख मारत थांबणारी ती कापशी.

ओळख चुकली तर बिघडते काय?

खान्देशाला याचा अनुभव आहे. रानपिंगळा हा लहानसा शिकारी पक्षी १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी जगापुढे आणला. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८४ मध्ये खान्देशातच मिळवला होता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी संग्रहालयातला असा एक नमुना चोरून, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ स्वतः मिळवल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्यामुळे शोधाची दिशाच चुकली. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून छापला गेलेला फोटो साध्या पिंगळ्याचा निघाला. पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची तपासणी करून बनाव ओळखला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, जिवंत रानपिंगळा पाहिला. ११३ वर्षांनी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे असते. फरक एवढाच. पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

परसातली चूक एवढी मोठी नसते, पण पक्ष्याला भोवते. ‘पिल्ले नेतो’ म्हणून गलोल निघते. शिक्रा लहान पिल्लू उचलतो हे खरे; मात्र त्याचे रोजचे खाणे सरडे, पाली, उंदीर, टोळ आणि लहान पक्षी. पिल्लांना पिसे येईपर्यंत जाळीखाली किंवा डालग्यात ठेवले की प्रश्न संपतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला मारणे, पकडणे किंवा घरट्यातून पिल्लू उचलणे गुन्हा आहे.

दुसरा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. वांग्याच्या मळ्यात किंवा घरात उंदरांसाठी ब्रोमाडियोलोनच्या वड्या टाकल्या जातात. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावून फिरतो आणि शिकाऱ्याला सहज सापडतो. त्याच्या पोटातले विष मग शिक्र्याच्या किंवा घुबडाच्या पोटात जाते. मेलेले, सुस्तावलेले उंदीर उचलून खोल पुरले तरी बरेच साधते.

फोटो कसा काढावा?

झूम करून एकच फोटो काढण्यापेक्षा चार काढावेत : समोरून छाती आणि गळा, बाजूने चोच आणि डोळा, खालून पाय, आणि उडाला तर पसरलेली शेपटी. मर्लिनसारखे ॲप फोटोवरून नाव सुचवते, पण फोटो धूसर असेल तर पावशा आणि शिक्रा यांत तेही चुकू शकते. नावासोबत तारीख आणि झाडाचा प्रकार लिहून ठेवावा. घरट्याचे ठिकाण मात्र ग्रुपवर टाकू नये. पक्षी जखमी असेल तर पाणी पाजण्याच्या भानगडीत न पडता त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उचलताना जाड कापड हवेच; शिक्र्याच्या नख्या कातडीत सहज रुततात.